पेटिग्रू टँकची तहान

ही गोष्ट इकडून तिकडून कानावर आलेली नाही.

ती मला माझ्या आईनं सांगितली. आणि माझ्या आईनं आयुष्यात कधी कुणाला घाबरवायला तोंड उघडलं नाही. १९६४ च्या एप्रिलमध्ये ती गेली. जायच्या नऊ दिवस आधी तिनं मला खुर्ची पलंगाजवळ ओढायला लावली आणि तिच्या वडिलांचं सगळं सांगितलं. एकदाच. मग तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाकी तुम्ही ठरवा.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही नाही. यातलं जे घडलं ते भर दुपारी, लख्ख उन्हात घडलं.

तारीख पक्की आहे. १४ सप्टेंबर १८९७, मंगळवार. जागा, मिसिसिपीतलं पेटिग्रू टँक.

तिथं आधी गाव आणि मग टाकी, असं झालं नव्हतं. इंजिनांना पाणी लागायचं, म्हणून रेल्वेनं ओढ्याकाठी एक मोठी लाकडी टाकी उभी केली आणि टाकीभोवती गाव वसलं. स्टेशन, कापसाची गिरणी, कॅप्टन हॉलोवेलचं दुकान. रुळांच्या एका बाजूला गोऱ्यांचं चर्च, दुसऱ्या बाजूला आमचं, काळ्यांचं. घरात घड्याळ कुणाकडेच नव्हतं. अकराची गाडी गेली की बाया मक्याची भाकरी चुलीवर टाकायच्या. एक-चाळीसची शिट्टी झाली की शेतातली माणसं झाडाखालून उठायची. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, सगळं त्या फलाटावर कळायचं.

माझे आजोबा आयझम टार्व्हर त्या टाकीवर होते. ओढ्याचं पाणी पंपानं वर चढवायचं, गाडी आली की टाकीची लोखंडी सोंड खाली ओढून इंजिनामागच्या हौदात पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. आई सांगताना त्यांचं नुसतं नावच घेत होती, जणू कुणी परका. मीही तसंच सांगतो.

आयझम तेव्हा चौतीस वर्षांचा होता. बायको लुव्हेनिया. मोठी मुलगी ओसी, आठ वर्षांची. धाकटी मर्टिस, सहाची. ती माझी आई. लुव्हेनिया तळलेली कोंबडी आणि भाकरी परातीत घालून गाडीच्या खिडक्यांखाली विकायची. तिच्या हाताची चव अख्ख्या लाईनीवर माहीत होती.

त्या सप्टेंबरात किनाऱ्यावर पिवळा ताप पसरला.

माणूस सकाळी डोकं दुखतं म्हणायचा, चौथ्या दिवशी काळं ओकून मरायचा. तो कसा पसरतो ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. स्पर्शानं, कपड्यांनी, श्वासानं, जो जे सांगेल ते खरं. गावागावांनी बंदुका काढल्या. आमच्याकडे कॅप्टन हॉलोवेलनं तीस माणसं रुळांवर उभी केली. हुकूम एकच. गाडी फक्त इंजिनाच्या पाण्यासाठी थांबेल. सहा मिनिटं. कुणी उतरणार नाही. आतून काही बाहेर नाही, बाहेरून काही आत नाही.

आणि १४ तारखेला एक-चाळीसची गाडी आली.

किनाऱ्यावरून पळालेल्या माणसांनी भरलेली. दारांना कुलपं. खिडक्यांवर बाहेरून फळ्या ठोकलेल्या.

इंजिनाच्या लगेच मागचा डबा आमच्या लोकांचा असायचा. धूर, ठिणग्या, सगळं आधी त्या डब्यात. त्यामुळे टाकीसमोर यायचा तो तोच डबा.

आयझमनं सोंड ओढली. पाणी धो धो पडायला लागलं.

तोवर डबा गप्प होता.

पाण्याचा आवाज झाला आणि... आतून फळ्यांवर हात आपटायला लागले.

एका खिडकीची खालची फळी तुटली होती. तिथून दोन हात बाहेर आले. बाईचे. ओंजळ केलेले.

“भाऊ,” ती म्हणाली. ओरडली नाही. “भांडं नको मला. तुझ्या कशाला शिवत नाही. वरून ओत.”

दहा पावलांवर कॅप्टन उभा होता. त्यानं बंदुकीचा घोडा नुसता मागं ओढला. तो आवाज आयझमला स्पष्ट ऐकू आला.

“तुझं नाव काय, भाऊ?”

का कुणास ठाऊक, पण त्यानं सांगितलं. “आयझम.”

“आयझम, माझ्याजवळ लेकरू आहे रे.”

सोंड हातभर वळवायची होती. तेवढंच.

त्यानं वळवली नाही.

हौद भरला, वरून पाणी सांडायला लागलं. ते नेहमीच सांडायचं. खडीवर पडलं, रुळांखालून वाहत गेलं, मातीत जिरलं. आतली माणसं फटींतून ते बघत होती. तिकडे मागच्या, गोऱ्यांच्या डब्यांना लांब बांबूच्या टोकाला बादल्या बांधून पाणी पोचवलं जात होतं. तेही आयझमनं पाहिलं.

गाडी सुटली. दिसेनाशी होईपर्यंत ते दोन हात बाहेरच होते.

पुढच्या गावानं रूळच उखडून ठेवले होते. संध्याकाळपर्यंत गाडी उलटी फिरली, आणि गावाच्या दक्षिणेला दोन मैलांवर, वेताच्या बनातल्या जादा रुळावर उभी केली गेली. अडीच दिवस. भोवती बंदुका. मागच्या डब्यांना बर्फ मिळाला, पाणी मिळालं. पुढच्या डब्याकडे जायला कुणी तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आयझमनं दोन बादल्या भरल्या आणि तो त्या वाटेनं निघाला. वळणापर्यंत गेला. तिथं एका लाकडाच्या ओंडक्यावर बसला. अंधार पडेपर्यंत बसून राहिला आणि भरल्या बादल्या घेऊन घरी परतला.

कुणी अडवलं नव्हतं. वळणावर पहाराही नव्हता.

तिसऱ्या दिवशी पुढच्या डब्यातून अकरा माणसं बाहेर काढली. तापानं गेली की तहानेनं, ते कुणी बघितलं नाही. एक लांब चर खणला, चुना टाकला, माती लोटली. डबा जाळला. गावाच्या वहीत लिहिलं गेलं की पेटिग्रू टँकमध्ये तापाचा एकही रुग्ण झाला नाही.

नोव्हेंबरात पहिला बर्फाळ गारठा पडला आणि ताप संपला. गाड्या सुरू झाल्या. लुव्हेनियाची परात परत फलाटावर आली. चर्चमध्ये दोन लग्नं लागली. गाव विसरायला लागलं.

डिसेंबरात आयझमच्या लक्षात आलं... टाकीत पाणी कमी भरतंय.

टाकीच्या बाहेर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी होती. दुपारी एकला तो बघायचा. गाडी यायच्या आत पुन्हा बघितलं तर पातळी वीतभर उतरलेली. त्यानं टाकीखाली शिरून फळी न् फळी चाचपली. जमीन कोरडी ठणठणीत. पंप उघडला, नळ तपासला. काही नाही.

मग एके दुपारी तो टाकीखाली उभा होता. वारा पडलेला. पक्षी गप्प.

आणि त्याच्या डोक्यावर, टाकीच्या आतून...

घट्.

घट्. घट्.

कुणीतरी पाणी पीत होतं. एकजण नाही. पुष्कळजण.

तो धावत घरी आला. स्वयंपाकघरात लुव्हेनिया भिंतीला टेकून उभी होती. समोर पाण्याची बादली. तिनं बोटानं ती दाखवली. बादली त्यांच्या डोळ्यांसमोर खाली जात होती. कुणी हात लावला नव्हता. तळ दिसला, तेव्हा बादली जराशी कलंडली. तळाचं पाणी घेताना कलंडते तशी.

ते रोजचं झालं. भूत आत येऊ नये म्हणून दाराशी झाडू आडवा ठेवला. उंबऱ्यावर मीठ टाकलं. फरक पडला नाही.

आयझमनं हळूच चौकशी केली. शेजारी विचारलं, स्टेशनवर विचारलं. कुणाच्या घरी असं होत नव्हतं. कॅप्टन हॉलोवेलच्या अंगणातला हौद काठोकाठ भरलेला होता.

तो लुव्हेनियाला म्हणाला, की बंदुका तीस होत्या, मग माझंच दार का?

लुव्हेनियानं रिकामी बादली पालथी घातली. मग म्हणाली, “नाव तुम्ही सांगितलंत. बाकी कुणी सांगितलं नाही.”

जानेवारीत ओसी नऊ वर्षांची झाली, आणि तिला तहान लागायला लागली.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. पोर खेळते, पाणी पिते. मग ती दर तासाला उठायला लागली. मग दर पाच मिनिटांनी. पोट फुटेपर्यंत प्यायची, भाकरीही दुप्पट खायची, आणि तरी महिन्यात हातापायांच्या काड्या झाल्या. ओठ फुटलेले, जीभ लाकडासारखी.

डॉक्टर आला. त्यानं मधुमेह सांगितला. औषध नाही म्हणाला. लहान पोरांत फार दिवस जात नाहीत, तयारीत राहा, इतकंच सांगून गेला.

तर आजार होता. नाव असलेला आजार होता. आई मला हे दोनदा म्हणाली. मी विसरू नये म्हणून.

पण ओसी आता पेल्यानं पीत नव्हती. पेला दिला की बाजूला सारायची. दोन्ही हात पुढं करायची...

ओंजळ.

आणि फेब्रुवारीत एका दुपारी आयझम तिच्या उशाशी बसला होता. ती डोळे मिटून होती. ओंजळ वर आली. ती म्हणाली, “भाऊ, वरून ओत.”

नऊ वर्षांची त्याची पोर. त्याला बाबा म्हणणारी.

आवाज ओसीचाच होता. शब्द तिचे नव्हते. ते शब्द त्यानं घरात कुणाला सांगितले नव्हते. लुव्हेनियाला नाव विचारल्याचं तेवढं सांगितलं होतं, हे नाही.

त्यानं ओतलं. रडत ओतलं. ती पीत राहिली.

त्याच दिवशी तो कॅप्टनच्या दुकानात गेला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. वेताच्या बनात जी माणसं पुरलीत, तिथं एखादा लाकडी क्रूस लावू द्या, म्हणाला.

“कुठली माणसं?” कॅप्टननं विचारलं. कापड मोजायचं न थांबवता. “आपल्याकडे कुणी मेलं नाही, आयझम. वहीत बघ.”

बुधवारच्या प्रार्थनेला तो चर्चमध्ये उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. हात, नाव, सोंड, टाकीतला आवाज. वळणावरच्या बादल्याही सांगितल्या. कुणी वर बघितलं नाही. कारण त्या दिवशी फळ्यांवरचे हात सगळ्यांनीच ऐकले होते.

मग टेंपी मावशी उठली. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. ती म्हणाली, आपण आपल्या माणसाच्या थडग्यावर त्यानं शेवटी वापरलेलं भांडं ठेवतो. कप, बाटली, काही तरी. त्याला वाटेत लागेल म्हणून. त्या अकराजणांना आपण काय ठेवलं?

रविवारी, २० फेब्रुवारीला, चर्च सुटल्यावर अकरा घरांतून अकरा भांडी निघाली. कानतुटके कप, लोणच्याची बरणी, भोपळ्याचा तुंबा, टवका उडालेला मग. आयझमनं पिंप भरून खेचरगाडीवर चढवलं. लुव्हेनिया ओसीजवळ थांबली. टेंपी मावशीनं मर्टिसचं बोट धरलं. म्हणून पुढचं माझ्या आईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

वेताच्या बनात गवत उगवलं होतं. फक्त एक लांब पट्टा सोडून.

त्या पट्ट्यावर भांडी ओळीनं ठेवली. आयझमनं एकेक भरलं. बाकी लोक रुळांच्या भरावावर लांब उभे राहिले. मावशीनं हळू आवाजात भजन धरलं. दोन-चार जणींनी साथ दिली.

मग ते आपोआप थांबलं.

बेडूक गप्प झाले. वेत हलायचे थांबले.

आणि पहिल्या बरणीतलं पाणी... खाली जायला लागलं.

काचेची बरणी होती. सगळ्यांना दिसत होतं. बोटभर. दोन बोटं. तळ.

मग दुसरा कप. तिसरा. घाई नव्हती. कुणी शांतपणे ओळीनं बसून पाणी प्यावं, तसं. एका बाईनं जमिनीवर गुडघे टेकले. कुणी पळालं नाही. आई म्हणाली, पळावंसं वाटलंच नाही, लाज वाटत होती.

दहा भांडी रिकामी झाली.

अकरावा कप पांढरा होता. टार्व्हरांच्या घरातला. तो काठोकाठ भरलेला.

लोक थांबले. सूर्य कलला. कप तसाच.

आयझमनं तो उचलला. पाणी स्वतःच्या ओंजळीत ओतलं. गुडघ्यांवर बसला आणि हात पुढं केले.

“घे,” तो म्हणाला. “बंदूक नाही आता. घे ना. माझी पोर सोड. तुझ्या लेकराची शपथ, घे.”

बराच वेळ काही झालं नाही. त्यानं एक थेंब सांडू दिला नाही.

मग आईनं पाहिलं... त्याच्या उजव्या हाताची करंगळी सरळ झाली.

मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं.

त्यानं उघडली नव्हती. तो मिटायचा प्रयत्न करत होता, मनगटाच्या शिरा तटतटल्या होत्या. पण बोटं एकेक करून, हळुवारपणे, कुणीतरी उघडत होतं. लहान मुलाच्या मुठीतली वस्तू काढून घेताना उघडतात तशी.

पाणी मातीत पडलं.

तो घरी पोचला, तेव्हा लुव्हेनिया दारात बसली होती. तिच्याकडे बघूनच त्याला कळलं.

तिनं सांगितलं ते एवढंच. दुपारभर ओसी पाणी मागत होती. मग एकदम उठून बसली. पंधरा दिवस तिला उठता येत नव्हतं. तिनं ओंजळ पुढं केली. लुव्हेनियानं ओतायला तांब्या उचलला, तर पोरीनं एकेक बोट उघडलं आणि हात मांडीवर ठेवले.

“आता नको,” म्हणाली. आणि आडवी झाली.

त्या दिवसापासून टाकीचं पाणी कमी झालं नाही. बादलीही नाही.

एप्रिलमध्ये लुव्हेनिया मर्टिसला घेऊन मेम्फिसला बहिणीकडे निघून गेली. आयझम फलाटापर्यंत आला. मागून येतो म्हणाला. आला नाही. दर महिन्याला पैसे आणि दोन ओळी यायच्या. तब्येत बरी आहे. टाकी चालू आहे.

आई एकदाच परत गेली. १९१९ च्या ऑगस्टमध्ये. ती अठ्ठावीस वर्षांची होती, आणि मी तिच्या पोटात होतो. आयझम पन्नाशीतच म्हातारा झाला होता. घर स्वच्छ. बोलायला माणूस नाही. तो तिला काही विचारेना, ती त्याला काही सांगेना.

दुपारी एक-चाळीसची गाडी गेल्यावर त्यानं टोपी घातली. तीही मागोमाग निघाली. तो नको म्हणाला नाही.

दोन मैल चालून ते वेताच्या बनात पोचले. तो जुना रूळ कधीच काढून टाकला होता. आयझम त्या पट्ट्यापाशी गुडघ्यांवर बसला. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि हात पुढं केले. रोजचं काम करतो तसा बसून राहिला.

थोड्या वेळानं बोटं उघडली. पाणी सांडलं. त्यानं हात पँटला पुसले.

“घेत नाही अजून,” तो म्हणाला, आणि उठून वाटेला लागला.

एकवीस वर्षं तो हे रोज करत होता. पुढंही चार वर्षं केलं, मरेपर्यंत.

पण आईनं मला जवळ बसवलं ते हे सांगायला नाही.

तो पुढं चालत गेला. आई क्षणभर तिथंच उभी राहिली. ऊन होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

आणि तिच्या डाव्या हातात... एक हात आला.

लहान हात. कोरडा, कढत, नुसती हाडं. त्यानं तिची दोन बोटं धरली. त्या दोघी चर्चला जायच्या तेव्हा ओसी तिची अशीच दोन बोटं धरायची, रूळ ओलांडताना.

आईनं खाली बघितलं नाही.

तिनं मान वळवली नाही, नाव घेतलं नाही. पोटात मी होतो. तिला त्या घरातली बादली आठवली, आणि तिनं हात हिसकावून घेतला. वळणापर्यंत ती धावत गेली. मागून पावलं आली नाहीत. हाकही आली नाही.

हे तिनं वडिलांना सांगितलं नाही. माझ्या वडिलांना सांगितलं नाही. पंचेचाळीस वर्षं कुणालाच नाही.

सांगून झाल्यावर तिनं माझं मनगट धरलं. मरणाऱ्या बाईच्या हातात एवढा जोर असतो, हे मला माहीत नव्हतं.

“तिला माझ्याबरोबर यायचं होतं का रे?” तिनं विचारलं. “तिथून बाहेर?”

मी म्हटलं, तुला भास झाला असेल.

तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.